तिरकी घोडी

मुक्काम : दादाचं घर
३ नोव्हेंबर

चि. खुंटीस,
अनेक आशीर्वाद.

इकडे सर्व ठीक आहे, असं पत्राच्या सुरुवातीला लिहायचं असतं म्हणून लिहितो. काल दुपारी पोचलो. किल्ली दादाची देखभाल करणाऱ्या बाईंकडे होती. त्या सकाळी आठला येतात, संध्याकाळी सहाला जातात आणि मधला सगळा वेळ दादाशी बोलतात. त्याच्या वतीने उत्तरंही त्याच देतात, त्यामुळे घरात शांतता अशी नसतेच. पण बाई मनापासून करतात, त्याबाबत निश्चिंत राहा.

दादा तू पाहून गेलीस तसाच आहे. वाचा गेली ती गेलीच. उजवा हात मांडीवर ठेवला की तिथेच राहतो. पण समज पक्की आहे आणि कान माझ्याहून तिखट. मी फाटकाची कडी काढली तेव्हाच म्हणे त्याने मान वळवली होती. मला बघून त्याने डावा हात वर केला. आम्ही चार वर्षांनी भेटत होतो, वहिनी गेली त्यानंतर पहिल्यांदा. त्याआधीही आमचं येणं-जाणं जेवढ्यास तेवढंच होतं, ते तुला नव्याने सांगायला नको.

तू फोन करा म्हणतेस. पण या घराच्या भिंती पातळ आहेत आणि दादाच्या कानांचं आत्ताच लिहिलं. म्हणून पत्रच बरं. शिवाय तुला खुंटी म्हणून हाक मारायची ती पत्रातच शोभते. बत्तीस वर्षांच्या, कचेरीत चारचौघांवर हुकूम चालवणाऱ्या बाईला फोनवर खुंटी म्हणायला जीभ रेटत नाही. हे नाव दादानेच ठेवलेलं, तार पिळायच्या खुंटीवरून. एवढीशी होतीस, पण एकदा पिळून बसलीस की सैल होत नव्हतीस. तुझं पत्र वाचून वाटलं, त्याने नाव बरोबर ठेवलं होतं.

ते पत्र मी गाडीत दोनदा वाचलं. ‘संग्रहालयाचं काय व्हायचं ते होवो, काका. मला एकच कळू द्या. बाबांना हे काम येत होतं की नव्हतं? आई ज्यापायी खपली ते काहीतरी होतं, की नुसता नाद होता?’ यावर मी आज काही लिहीत नाही. मी परीक्षक आहे. आधी वाद्य, मग शेरा. महिनाअखेरीस घर सोडायचं आहे, संगीत विद्यालयाचं संग्रहालय माझी सही असलेली वाद्यं ठेवून घेणार आहे आणि उरलेली भंगारात जाणार आहेत, हे सगळं लक्षात आहे. काम वेळेत होईल.

कामाची खोली आहे तशीच आहे. मागची, तुझ्या अभ्यासाच्या टेबलाला जिथे कधी जागा झाली नाही ती. रंधे मापाप्रमाणे ओळीत, सरसाचं भांडं पालथं, खिडकीत लाकडाच्या भुशाचा थर. सहा मेंडोलिन भिंतीला टांगलेली आहेत आणि उरलेलं एक पेटीत घालून कपाटाच्या डोक्यावर ठेवलेलं आहे. प्रत्येकाच्या पोटात पेन्सिलीने आकडा घातलेला. दुकानात मिळणारं मेंडोलिन आणि ही मेंडोलिन यांचं नातं फार दूरचं. लाकूड जुन्या दारांचं, शाळेच्या मोडक्या बाकांचं, एकाची पाठ तर कपाटाच्या फळीची आहे, तिच्यावर बिजागरीची जुनी भोकं बुजवलेली दिसतात. काहींचा आकार एका अंगाला कललेला आहे, मांडीवर घेतलं की छातीशी नीट बसावा असा. काहींचं आवाजाचं भोक मध्ये नाही, वर खांद्यापाशी आहे. म्हणजे वाजवणाऱ्याच्या तोंडावरच सूर येतो. हे दादाचं जुनं खूळ. तो म्हणायचा, जो कष्ट करतो त्याला आधी ऐकू यायला हवं.

माझी पद्धत तुला सांगून ठेवतो, म्हणजे शेरे वाचताना अडणार नाहीस. मी शेवटच्या कामापासून सुरुवात करतो, कारण कारागिराचं शेवटचं काम हे सर्वांत सुधारलेलं असतं असं धरून चालायचं. वजन करायचं, बोटाच्या पेराने वरची फळी ठोकून बघायची, सुरात लावून तासभर ठेवायचं, मग सगळ्या पडद्यांवर वाजवायचं. शेवटी एकच तार छेडायची आणि सूर विरेपर्यंत मनात आकडे मोजायचे. बऱ्या मेंडोलिनचा सूर आठ-नऊ आकडे टिकतो.

आज सकाळी सात नंबर घेतलं. दादाला बाईंनी खुर्चीसकट खोलीच्या दारात आणून बसवलं होतं. इस्त्रीचा शर्ट घालून. बाई म्हणाल्या, सकाळपासून त्या शर्टाकडे बोट दाखवून हट्ट धरला होता. मी वाजवलं. काम इतकं सुबक आहे की जोडात नख जाणार नाही. आकार सरळ, भोक मधोमध, सगळं नियमात. आणि आवाज नाही. एखादं टेबल वाजवावं तसा. सूर तीन आकड्यांत संपला. दुपारी सहा नंबर घेतलं, ते चार.

दादा पूर्ण वेळ माझ्या तोंडाकडे बघत होता. मी तोंडावर काही दिसू देत नाही, तीस वर्षांची सवय आहे. कागदावर आकडे लिहिले आणि कागद पालथा ठेवला.

तुला आठवत असेल, तू दहाएक वर्षांची असताना दादाने आपलं पहिलं मेंडोलिन विद्यालयाच्या निवडीला पाठवलं होतं. निवड झाली असती तर विद्यालयाला दरवर्षी लागणारी वाद्यं त्यालाच करायला मिळाली असती आणि कारखान्यातलं दारं-खिडक्यांचं काम सुटलं असतं. समितीने ते नाकारलं. वरची फळी बसते, म्हणजे ताण न सोसून खचते, असा शेरा होता. असं होतं.

पुढचं पत्र बाकीची वाद्यं झाली की. तुझं पत्र दादाला वाचून दाखवलं, तो प्रश्न तेवढा गाळून.

तुझा,
काका


९ नोव्हेंबर

चि. खुंटीस,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र परवा मिळालं. तब्येत जपतो आहे. नळाला पाणी येतं. गुडघा दुखतो तो या घराचा दोष नाही, घरी असताना पण दुखतोच.

तू विचारलंस, त्या समितीत तुम्हीही होतात ना? होतो. पाच जणांत एक. नात्यातलं वाद्य म्हणून बाजूला व्हायला हवं होतं, असं तू लिहिलं नाहीस, पण ओळींच्या मधे ते आहे. तेव्हा विद्यालयात मेंडोलिन कळणारा दुसरा कोणी नव्हता. आणि भावाचं वाद्य म्हणून मी झुकतं माप दिलं असं कुणी म्हणू नये, याची मला फार धास्ती होती. त्या धास्तीपायी माणूस जरा जास्तच ताठ वागतो. यावर नंतर लिहीन.

आधी वाद्यं. पाच नंबर चार आकडे, चार नंबर सहा, तीन नंबर सात, दोन नंबर नऊ. आकडे तुला दिसतातच. मी मागे मागे जातो आहे आणि वाद्यं चांगली चांगली होत चालली आहेत. तीस वर्षांत असं माझ्यापुढे कधी आलं नव्हतं. कारागीर हळूहळू शिकतो, कुणी एका जागी थांबतो, कुणी म्हातारपणी हाताने ढिला पडतो. दादाचा हात ढिला पडलेला नाही. उलट सात नंबरचा जोड दोन नंबरच्या जोडाहून शंभर पटीने सफाईदार आहे. हात सुधारत गेला आणि आवाज मरत गेला.

दातांच्या डॉक्टरकडे असतो तसला छोटा आरसा माझ्या पेटीत असतो. तो भोकातून आत घालून मी फळीची खालची बाजू बघितली. फळीला आतून आधाराच्या पट्ट्या असतात. दोन नंबरला तीन आहेत. तीनला चार. पुढे वाढत वाढत सातला नऊ. फळीही दर खेपेला जाड होत गेली आहे. दोन नंबरच्या तारा ज्या घोडीवरून जातात, ती लाकडाची छोटी पट्टी तिरकी बसवलेली आहे. चार नंबरपासून ती सरळ झाली. पाचपासून भोक खांद्यावरून मधे आलं. सहाला कललेला आकारही गेला. म्हणजे दादा एकेक करून स्वतःचं सगळं काढून टाकत गेला आणि फळी मजबूत करत गेला. वहिनी शाळेच्या कचेरीत खर्डेघाशी करून घर ओढत होती, तू दिव्याखाली जमिनीवर पालथी पडून अभ्यास करत होतीस आणि आतल्या खोलीत हे चाललं होतं. कशासाठी, ते कळायला आरसा लागत नाही. फळी बसते, असं त्याला लेखी कळवलेलं होतं.

म्हणून सांगतो, तुझ्या प्रश्नाला आत्ता उत्तर द्यायचं झालं तर ते अर्धवट होईल. दोन नंबरला मी सही देऊ शकेन, कदाचित तीनलाही. बाकीच्यांना नाही.

एक नंबर अजून बघितलेलं नाही. ते कपाटावरच आहे. दादा रोज डाव्या हाताचं बोट तिकडे करतो. पहिल्या दिवशी मी त्याला पाणी दिलं. पाणी नको होतं. चष्मा दिला, खिडकी लावून घेतली, पंखा बंद केला. काल बाईंना राहवलं नाही. त्या फडकं हातात घेऊन दारात उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, “साहेब, ते वरची पेटी काढा म्हणतायत. मला अडाणीला कळतं, तुम्हाला कसं कळत नाही?” मी म्हणालो, शिडी डगमगते, एकट्याने चढणं बरं नव्हे. बाईंनी शिडीकडे बघितलं. शिडी दादाने केलेली आहे, ती कशाला डगमगेल. त्या फडकं झटकून आत गेल्या.

आज दादाने बोट दाखवलं नाही.

तू रविवारी त्याला न्यायला येते आहेस, तेव्हा घाईगर्दी असेल. गोळ्यांचं वेळापत्रक बाईंनी मोठ्या अक्षरात लिहून ठेवलं आहे. त्याचा चष्मा दोरीला बांधून घे, नाहीतर हरवतो. एक नंबर मी तुम्ही गेल्यावर निवांतपणे बघेन. वाद्याला शांतता लागते.

आल्यावर बोलूच.

तुझा,
काका


१८ नोव्हेंबर

प्रिय खुंटी,

आल्यावर आपण बोललो नाही. तू दोन दिवस होतीस, दादाच्या गोळ्यांबद्दल बोललो, गादीबद्दल बोललो, माझ्या गुडघ्याबद्दलसुद्धा बोललो. गाडीत बसताना तू काच खाली करून विचारलंस, एक नंबर कसं आहे, आणि मी म्हणालो, अजून बघायचं आहे. दादा तुझ्या शेजारी बसलेला होता. त्याने माझ्याकडे बघितलं नाही. गाडी वळेपर्यंत मी हात हलवत उभा राहिलो.

आता घरात मी एकटा आहे. फोनवरही सांगता आलं असतं. पण फोनवर मी पुन्हा विषय बदलला असता, म्हणून लिहितो. हे पत्र एकटी असताना वाच.

काल सकाळी शिडी लावून पेटी खाली काढली. वर धूळ नव्हती. पेटी नेहमी उघडली जात असावी, तिच्या कड्याही घासून चकचकीत झाल्या आहेत. तू लहानपणची एक आठवण मला सांगितलीस ना, की बाबा कधीकधी दार लावून काहीतरी अगदी हळू वाजवायचे आणि कुणी आलं की थांबायचे, ते हेच असणार. तारा नव्या होत्या, बारीक. घोडी तिरकी. बसलेली फळी त्याने वाफेवर उठवून पुन्हा जागेवर आणली होती, आतून पातळशी चकती लावून. आरशातून बघितलं, पट्टी एकच आहे. आणि तिरक्या घोडीचा एक पाय नेमका त्या पट्टीच्या डोक्यावर येतो. घोडी तिरकी होती ती उगाच नव्हती. तो पाय पट्टीवर होता म्हणून इतकी पातळ फळी ताण सोसत होती.

सुरात लावलं. तार छेडली. चौदापर्यंत मोजलं आणि पुढे मोजलं नाही.

आता ऐक. निवडीला आलेली वाद्यं दहा दिवस आधी माझ्या ताब्यात यायची. सगळ्यांना विद्यालयाच्या मापाच्या जाड तारा लावायच्या, घोडी वाकडी झाली असेल तर सरळ करायची, आठ दिवस ताणावर ठेवायचं आणि मग समितीपुढे न्यायचं. सर्वांना एक नियम, म्हणजे तक्रारीला जागा नको. हा शिरस्ता मीच घातला होता आणि त्याचा मला अभिमान होता. समितीत पाच जण होते खरे, पण बाकीचे चौघे माझ्या तोंडाकडे बघून सही करायचे. समिती म्हणजे मीच होतो.

दादाच्या पेटीत चिठ्ठी होती. ‘घोडी तिरकीच ठेवावी. तारा सोबत दिल्या आहेत त्याच लावाव्यात. जाड तारा ही फळी घेणार नाही.’ मी ती वाचली. नजरचुकीने राहून गेली असं नाही. वाचली, घडी केली आणि खिशात घातली.

का, ते लिहायलाच हे पत्र आहे. चिठ्ठी खिशात घालण्याआधी मी ते वाजवलं होतं. दुपारची वेळ, विद्यालयात चिटपाखरू नव्हतं. त्याच्याच तारांवर, त्याच्याच तिरक्या घोडीवर, पाव तास. तसा आवाज मी त्याआधी ऐकला नव्हता आणि त्यानंतरही कालपर्यंत ऐकला नाही. भोक खांद्याशी असल्यामुळे सूर सरळ माझ्या तोंडावर येत होता. भावाचा अभिमान वाटला असं लिहिता आलं असतं तर किती बरं झालं असतं. मला राग आला, खुंटी. घरात गाणं-बजावणं माझ्याकडे होतं. मला शिकायला पाठवलं म्हणून दादाला पंधराव्या वर्षी कारखान्यात रंधा धरावा लागला. बारा वर्षं मी गुरूंच्या घरी घासलो. आणि दारं रंधणाऱ्या या माणसाने, ज्याला सुरांची नावं धड येत नाहीत, शाळेच्या बाकाच्या लाकडातून हे काढावं. मग माझ्याकडे राहिलं काय? असं माझ्या मनात आलं. असं स्पष्ट शब्दांत नाही आलं, पण आलं.

मग मी शिरस्त्याचा आडोसा घेतला. जाड तारा लावल्या. घोडी सरळ केली. सहाव्या दिवशी फळी खाली जायला लागली. मला दिसलं. चार खुंट्या अर्धा फेरा सैल केल्या असत्या तरी भागलं असतं. मी खोलीला कुलूप लावून घरी गेलो. आठव्या दिवशी वाद्य टेबलावर ठेवलं आणि शेरा लिहिला, ‘वरची फळी ताण सोसत नाही. सदर कारागिराचे वाद्य घेण्यास योग्य नाही.’ त्या संध्याकाळी दादा माझ्या घरी आला होता. मी त्याला म्हणालो, समितीने ठरवलं, माझ्या हातात काही नव्हतं. त्याने मलाच धीर दिला. तुला अवघड गेलं असेल, म्हणाला.

इतकी वर्षं मी मनाची समजूत घालत आलो, की एका नकाराने कुणाचं आयुष्य जात नाही. खरा कारागीर असता तर दुसरीकडे गेला असता. म्हणून मी या घरी यायचं टाळत होतो. त्या खोलीत काय टांगलेलं आहे ते मला बघायचं नव्हतं.

काल दुपारी त्याची वही सापडली. रंध्यांच्या खणात, जुनी शाळेची वही, पेन्सिलीने लिहिलेली. बहुतेक मापंच आहेत. पण एक नंबर परत आलं त्या दिवशी त्याने लिहिलंय, ‘फळी दीड सूत बसली. घोडी सरळ केलेली. तारा जाड, आपल्या नव्हेत.’ म्हणजे पेटी उघडल्या उघडल्या त्याला सगळं दिसलं होतं. आता पुढे काय लिहिलं असेल म्हणून पान उलटायला धीर होईना. पुढच्या पानावर हे आहे, जसंच्या तसं उतरवतो :

‘धाकट्याने जाड तारा लावल्या म्हणजे स्टेजवर तशाच लागत असणार. त्याला त्यातलं कळतं. आपण आपल्या कानावर गेलो ही चूक झाली. पुढचं त्याच्या तारांना पुरेल असं करायचं.’

त्याने संशय घेतला असता, शिव्या घातल्या असत्या, तर मला जगता आलं असतं. त्याने स्वतःच्या कानापेक्षा माझ्या शेऱ्यावर विश्वास ठेवला. बावीस वर्षं तो एक दोष काढत बसला होता आणि तो दोष त्याच्या वाद्यात नव्हताच. तो मी घातलेला होता. प्रत्येक वाद्याच्या शेवटी त्याची एक ओळ आहे. दोन नंबरखाली, ‘फळी बसली नाही. आवाज थोडा गेला. धाकट्याला दाखवावं का? अजून नको.’ तीनखाली, ‘अजून नको.’ चारखाली तेच, पाचखाली तेच. सहाखाली, ‘आवाज गेला, पण तो म्हणेल पक्कं आहे.’ आणि सातखाली या वर्षीची तारीख घालून, आजारी पडण्याआधी अकरा दिवस, ‘सगळं त्याच्या नियमात बसतं. आता दाखवायला हरकत नाही.’

त्या सकाळी इस्त्रीचा शर्ट त्याने कशासाठी घातला होता, ते आता तुला कळलं असेल. मी त्याच्यासमोर बसून तीनपर्यंत मोजलं आणि कागद पालथा ठेवला. नंतर तो एक नंबरकडे का बोट दाखवत होता, ते मला ठाऊक नाही. कदाचित शेवटी त्याने आपल्या कानाचं ऐकायचं ठरवलं असेल. मी त्याला पाणी दिलं.

आता तुझ्या प्रश्नाचं उत्तर. बाबांना हे काम येत होतं. माझ्या माहितीत कुणालाच येत नव्हतं इतकं येत होतं, पहिल्याच वाद्यात. वहिनी ज्यापायी खपली तो नुसता नाद नव्हता. ते खरंच काहीतरी होतं आणि ते मी मोडलं. तिला हे सांगायला मी चार वर्षं उशीर केला.

आज सकाळी विद्यालयाला पत्र टाकलं. जुना शेरा खोटा होता, वाद्याला मी इजा होऊ दिली, परीक्षकांच्या यादीतून माझं नाव काढावं, असं लिहिलं आहे. एक नंबरला सही दिली आहे. ती सही आता ते मानतील की नाही, सांगता येत नाही. दोन आणि तीनला द्यायची म्हणत होतो, पण नाही दिली. ती वाद्यं दादाची नाहीत, माझ्या धाकाने झालेली आहेत. तरी भंगारात काही जाणार नाही. बाकीची सहाही वाद्यं मी माझ्या घरी नेणार आहे आणि भिंतीला लावणार आहे.

सोबत ती चिठ्ठी जोडली आहे. बावीस वर्षं माझ्या पेटीत होती. का ठेवली, विचारू नकोस.

हे पत्र दादाला वाचून दाखवू नकोस. आधी मी असं लिहिणार होतो, की सांगायचं की नाही ते तू ठरव, त्याला या अवस्थेत हे सोसेल का ते तुला जास्त कळतं. मग लक्षात आलं की मी पुन्हा सगळं समितीवर ढकलतो आहे. त्याच्या तोंडावर मीच सांगायला हवं. तो बोलू शकत नाही, म्हणजे मला क्षमा मिळणार नाही आणि शिव्याही मिळणार नाहीत. ठीक आहे.

रविवारी सकाळच्या गाडीने येतो, एक नंबर घेऊन. तुझं दार माझ्यासाठी उघडायचं नसेल तर उघडू नकोस, मी घंटी दुसऱ्यांदा वाजवणार नाही. खाली पायरीवर बसून वाजवीन. बारीक तारा, तिरकी घोडी, त्याने लावली आहे तशीच. दादाच्या खोलीची खिडकी तेवढी उघडी ठेव. त्याला ऐकू येतं.

सुरुवातीला आशीर्वाद लिहिले नाहीत, ते विसरलो म्हणून नव्हे.

तुझ्या बाबांचा
धाकटा